पानावर बसलेली मंडळी

बागेतल्या चोरीचं एक बरं असतं. चोर सापडत नाही, पण सही ठेवून जातो. नाकतोडा पानाच्या कडेपासून सुरू करतो, वेडंवाकडं ओरबाडतो आणि एक पान पुरतं संपवायच्या आत दुसऱ्यावर उडी मारतो. त्याच्या खाण्यात उधळ्या श्रीमंतीचा तोरा असतो. तंबाखूवरच्या अळीची नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं याच्या अगदी उलट. ती शेकड्यांनी एकाच पानाच्या पाठीला चिकटून बसतात आणि वरचा पापुद्रा न फाडता हिरवा गर तेवढा खरवडून घेतात. पानाची जाळी होते, उन्हाकडे धरली की पलीकडचं फाटक दिसतं. आणि लिंबाच्या कोवळ्या पालवीवर नागअळी. ही पानाच्या वर नाही, खालीही नाही. दोन पापुद्र्यांच्या मधल्या पोकळीत राहते आणि चालत चालत जेवते. तिची ती रुपेरी, वळणावळणाची रेघ पाहिली की मला जुन्या दप्तरातला मोडी कागद आठवतो. लेखणी न उचलता, शब्द न तोडता, एका दमात लिहून काढलेला. गंमत म्हणजे मजकूर संपला की अळी पानाची कड दुमडून तिथेच कोशात जाते, म्हणजे खलिता लिहायचा तिनं आणि घडीही घालायची तिनंच. फवारा मारून हा कागद पुसला जात नाही. पान खुडावं, पिशवीत बांधावं आणि पुढच्या पालवीची वाट बघावी, एवढंच आपल्या हातात.

सही ओळखता येऊ लागली की काही निरपराध माणसंही सुटतात. माणसं म्हणजे माश्या. गुलाबाच्या पानाच्या कडेला कधी कधी एक गोल कापलेला तुकडा नाहीसा झालेला दिसतो, इतका नेटका की करवतीचा दात कुठे लागलाय असं वाटूच नये. बागवान मंडळी हे पाहून संतापतात आणि अळी शोधायला लागतात. अळी नसतेच. पानं कापणारी एक मधमाशी असते, ती तुकडा पायांत धरून उडत घरी नेते. लांबट तुकड्यांच्या भिंती, अगदी गोल तुकड्यांची झाकणं, आत परागकणांचा लाडू आणि त्यावर एक अंडं. पानाचा कणही तिच्या पोटात जात नाही. तिचा सगळा व्यवहार कापडाचा. हा फरक मी एकदा आमच्या नर्सरीवाल्याला फार उत्साहानं समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक बाटली पुढे सरकवली. म्हणाला, ‘दोघींनाही हेच चालतं.’

तगरीचं प्रकरण जरा मोठं. आमच्या दारची तगर देवाच्या फुलांसाठी लावलेली, आणि पावसाळ्यात एका पहाटे तिच्या दोन फांद्या पार बोडक्या. एवढं खाणारा प्राणी म्हणजे चांगला गाईचं वासरूच हवा. पण पानोपान धुंडाळलं तरी काही नाही. अशा वेळी झाडाकडे बघायचंच नसतं, जमिनीकडे बघायचं असतं. फरशीवर मिऱ्याहून मोठ्या, उभ्या खाचा पाडल्यासारख्या गडद लेंड्या पडलेल्या असतात. त्या वाळलेल्या असतील तर पाहुणा येऊन गेला, ओल्या असतील तर अजून पंगतीत आहे. मग तिथून सरळ ओळंब्यात वर बघायचं. मी अशा रीतीनं उकिडवा बसून लेंडी दोन बोटांत दाबून बघत असताना बायको दारात आली. ‘अहो, तुमचा चहा इथेच आणू का?’ एवढंच म्हणाली, पण त्या ‘इथेच’मध्ये लग्नाची सगळी वर्षं होती.

वर ती होतीच. कण्हेरीच्या पतंगाची अळी, बोटाएवढी लांब आणि जाड, तगरीच्या हिरव्याहून किंचित अधिक हिरवी. कण्हेर आणि तगर दोन्ही तिला चालतात. दोन्हींचा चीक जनावरांना वर्ज्य, हिचा तोच आहार. फांदीला हलका धक्का लागला तशी तिनं मान आत ओढली आणि पाठीवर एकदम दोन निळसर पांढरे डोळे उघडले. डोळे खोटे. खरं डोकं त्यांच्या पुढे, खाली दडवलेलं, पिटुकलं आणि भेदरलेलं. खोट्या डोळ्यांनी वटारून बघायचं आणि खऱ्या तोंडानं खात राहायचं, ही कला काही कार्यालयांत मी फार जवळून पाहिली आहे. पूर्ण वाढ झाली की ही अळी हिरवा रंग टाकून तपकिरी होते आणि खोडावरून उतरून पालापाचोळ्यात कोश करायला निघून जाते. आमच्याकडचीही तशीच गेली, वाटेत उंबरठ्यावरून, माझ्या चपलेला वळसा घालून.

या पतंगांच्या कुळावर इंग्रजीत एक जाडजूड ग्रंथ आहे, 1937 साली निघालेला, बेल आणि स्कॉट या दोघांचा. त्यातला बेल हा जंगल खात्यातला अधिकारी. कारवारच्या जंगलांत त्याची नोकरी झाली, निवृत्तीनंतरही तो कारवारलाच राहिला आणि 1948 साली तिथेच वारला. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि एका काळात तिथे विलक्षण योग जुळून आला होता. डेव्हिडसन हा कलेक्टर, बेल जंगलाचा साहेब आणि मीठ-जकात खात्यातला एटकिन, जो साताऱ्यात जन्मला होता आणि ज्याच्या खुसखुशीत निसर्गलेखनावर त्या काळचे वाचक खूश असत. जिल्ह्याचा महसूल, जंगल आणि मीठ ज्यांच्या हातात, ते तिघेही अळ्या पाळत. कुठली अळी कुठल्या पानावर वाढते आणि तिचं कुठलं फुलपाखरू होतं, याची त्यांनी केलेली नोंद मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1896–97 च्या सुमारास छापून आली आणि आजही अभ्यासक ती उघडतात. माझ्या डोळ्यांपुढे नेहमी त्या कलेक्टरच्या बंगल्याचा व्हरांडा येतो. बाहेर अर्जदार खोळंबलेले, पट्टेवाला त्यांना सांगतोय की साहेब कामात आहेत, आणि साहेब आत डब्यातल्या अळीला ताजा पाला घालतायत. मला हा राज्यकारभार मनापासून आवडतो.

लिंबाच्या झाडावर जी अळी सापडते तिला मात्र एवढे राजदरबारी वळण नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. फुलपाखरू येतं, पानावर टेकतं आणि पुढच्या पायांनी पान थापटून बघतं. त्यांना चव पायांनी कळते. खातरजमा झाली की कोवळ्या पानावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढं पिवळसर अंडं एकेकटं चिकटवून पुढे जातं. तीन-चार दिवसांत त्यातून जे बाहेर येतं ते पक्ष्याच्या विष्ठेसारखं दिसतं. ही उपमा नव्हे, तिची जगण्याची रीतच ती. तपकिरी काळपट अंग, मधोमध पांढरट पट्टा, वर ओलसर चकाकी. बुलबुल नुकताच बसून गेला असावा असं कुणालाही वाटेल, खुद्द बुलबुलालासुद्धा. म्हणून तर ती पानाखाली लपत नाही, भर उन्हात पानाच्या वरच बसते. साऱ्या सृष्टीत अब्रू वाचवण्यासाठी केलेला इतका बेअब्रूचा उपाय दुसरा नसेल. चार वेळा कात टाकून झाली की हे सोंगही उतरतं आणि आत हिरवीगार, गुबगुबीत, अंगावर तपकिरी आडवे पट्टे घेतलेली एक नवीच बाई निघते. तिला काडीनं डिवचलं तर मानेमागून नारिंगी रंगाचं दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि खवट आंबट वास सुटतो. पाहता पाहता शिंग आत, वास हवेत, आणि जेवण पुढे चालू.

कृषीविषयक पत्रकांत हिच्यासाठी ठरलेली ओळ असते. अळ्या हातानं वेचून नष्ट कराव्यात. सल्ला अगदी रास्त आहे. रोपवाटिकेतल्या वीतभर रोपावर दोन अळ्या बसल्या तर आठवड्यात काडी उरते. पण हा सल्ला लिहिणाऱ्यांच्याच सरकारनं 2015 साली, देशात सर्वांत आधी, राज्याचं फुलपाखरू जाहीर केलं, तेव्हा निवड कुणाची झाली? ब्लू मॉरमॉनची, जिला राणी पाकोळी म्हणतात. मखमली काळे पंख, त्यांवर निळ्या रंगाचे ओघळ, तळहातापेक्षा मोठी. सह्याद्रीतच नव्हे, मुंबई-पुण्याच्या बागांतूनही ती पावसाळ्यात संथपणे पोहत जाते आणि बघणारा बोलताना थांबतो. तर ही राणी लिंबाच्याच अळीची सख्खी चुलतबहीण. तिचीही पिल्लं लिंबूवर्गातल्या झाडांवर वाढतात, तीही आधी विष्ठेचं सोंग घेतात, तीही शिंग काढतात. म्हणजे राज्याचं मानचिन्ह आणि राज्याची कीड एकाच पानावर शेजारी शेजारी बसू शकतात, आणि लहानपणी दोघींत फरक करताना भल्याभल्यांची दमछाक होते. ठाण्याला ओवळेकर वाडीत फुलपाखरांची बाग आहे. तिथली झाडं ती कुणी तरी खावीत अशा हिशेबानंच लावलेली आहेत. लोक मुद्दाम लांबून बघायला जातात, आणि माझी खात्री आहे की घरी परतल्यावर त्यांतलेच काही जण कढीपत्त्यावर फवारा मारतात. मीही कधी कुठल्या बाजूला असतो ते ऋतूवर आणि लिंबाच्या भावावर अवलंबून असतं.

आमच्या आजीला हे द्वंद्व नव्हतं. कोकणातल्या परसात तिचा पडवळ-दोडक्याचा मांडव असे आणि पावसाळ्याच्या तोंडी ती पहाटे, पानांवर दव असतानाच, चुलीतली राख फडक्यात घेऊन वेलींवर झटकत चाले. दवावर राख बसली की दिवसभर ढळत नाही, आणि राख बसलेलं पान अळीला चघळवत नाही. हाताला लागलेल्या अळ्या ती करवंटीत टाकी आणि करवंटी कोंबड्यांपुढे. यात राग नव्हता, पश्चात्तापही नव्हता. सकाळच्या कामांपैकी एक काम. पुढे तिला मोतीबिंदू झाला, दिसेनासं झालं, तरी मांडवाखाली जायची ती जायचीच. एकदा तिनं पडवळाचं पान खालून अलगद धरलं आणि भोकाच्या कडेवरून बोटाचं टोक फिरवलं. मी विचारलं, काय करतेस? म्हणाली, ‘कड ओली आहे रे. आत्ताच उठलीय पानावरून.’ आणि खरंच दोन पानं सोडून अळी होती. वाळलेल्या कडेचा खाणारा केव्हाच गेलेला असतो, ओल्या कडेचा जवळपास असतो, हे मला पुढे पुस्तकांत कुठेही वाचायला मिळालं नाही. आजीचं बोट मात्र त्या कडेवर असं फिरत होतं, जसं आमच्या शाळेत पडून खरचटलेल्या गुडघ्यावरून फिरत असे.

राख आता मिळत नाही. गॅसला राख नसते. मग उरतो कडुनिंब. 1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली, सगळी झाडं खराटे झाली आणि कडुनिंब तेवढा हिरवा राहिला, हे श्मुटेरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं. तीनच वर्षांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर मारून टोळांना उपाशी परतवून दाखवलं. त्यामागचं द्रव्य 1968 मध्ये वेगळं काढलं गेलं आणि ते प्रयोगशाळेत बनवायला केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना 22 वर्षं लागली. 2007 मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन तपांनी, ते तडीस गेलं. आपल्याकडे मात्र निंबोळ्या वाटेवर पडतात. पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी, चिमूटभर साबण घालावा आणि संध्याकाळी फवारावी, कारण उन्हात त्यातला गुण उडून जातो. या पाण्यानं अळी लगेच मरत नाही. तिची वासना जाते. कात टाकायची वेळ येते, पण ती टाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती पानावरच असते, लग्नाच्या पंगतीत बसलेल्या मधुमेह्यासारखी, सगळं समोर आणि काहीच तोंडात घालवत नाही. आणि याच कडुनिंबावर, वळवाचा पहिला पाऊस पडला की, रात्री हुमणीचे भुंगेरे जमिनीतून उठून जमतात आणि पोटभर पाला खातात. शेतकरी रात्री बत्ती घेऊन झाडं हलवतात ती यासाठीच. टोळांना जे जमलं नाही ते आमच्या भुंगेऱ्यांना जमतं. इथे अभिमान वाटावा की काय, मला ठरवता येत नाही.

हीच गोष्ट दशपर्णी अर्काची. ज्यांना गुरं तोंड लावत नाहीत अशा दहा झाडांचा पाला गोमूत्र, शेण, मिरची आणि लसणीच्या संगतीत महिनाभर कुजवायचा, की जो काढा होतो त्याच्या वासानं किडीच काय, शेजारीही दूर राहतात. अर्क गुणकारी आहे, माझी तक्रार नाही. पण त्याच्या यादीवरून एकदा नजर फिरवली आणि मला हसू आलं. रुई? तिच्यावर केशरी पंखांच्या प्लेन टायगरच्या अळ्या वाढतात, तिचा विषारी चीक पचवून स्वतःच विषारी होतात. कण्हेर? आमची ती खोट्या डोळ्यांची. एरंडावर उंटअळी, पाठीची कमान करत चालणारी. सीताफळावर टेल्ड जे, हिरवे ठिपकेवाला, क्षणभर एका जागी न थांबणारा. करंजावर ऑल नावाच्या बुटक्या फुलपाखराचं कुटुंब. गुळवेलीवर त्या पतंगाची अळी, जो मोठेपणी विदर्भातल्या संत्र्यांना सोंड खुपसून रस पितो. म्हणजे दहा विषांची मोट बांधावी, आणि त्यांतल्या बहुतेक विषांवर कुणाचं तरी बालपण आधीच चाललेलं असावं.

खिडकीच्या चौकटीत, विजेच्या मीटरच्या आडोशाला, कुंभारीण माशी मातीचं गाडगं करते. बारीक कमरेची, गाडग्याला सुबक गळा काढणारी. आत छताला दोरीनं एक अंडं टांगते आणि मग आमच्या बागेतून अळ्या उचलून आणते, डंख मारून निश्चल केलेल्या, पण जिवंत. गाडगं भरलं की तोंड बंद. काही आठवड्यांनी मातीला भोक पडतं आणि माशी बाहेर येते. आपल्या पूर्वजांनी हे नीट पाहिलं होतं. अळी आत गेली, माशी बाहेर आली. मग त्यांनी निष्कर्ष काढला तो असा की अळीनं भयानं माशीचंच अखंड ध्यान केलं आणि ध्यास घेता घेता तीच माशी झाली. कीटक-भृंग न्याय तो हाच. वेदान्त्यांनी आणि संतांनी जीव आणि शिव एक कसे होतात हे त्यावरून सांगितलं. निरीक्षण बिनचूक, फक्त मधल्या जेवणाची बातमी लागली नव्हती. अळी एकाग्र असते हे खरंच आहे, डंख बसलेल्याला दुसरं काही करताच येत नाही. आणि एका अर्थी ती माशी होतेही, पोटातून होते एवढंच. मला तो दृष्टान्त खोटा ठरल्याचं वाईट वाटलं नाही. उलट ज्यानं तो पहिल्यांदा सांगितला त्याच्या मनाचा भलेपणा आवडला, की अंधाऱ्या गाडग्यात काय चाललं असेल याचा विचार करताना त्याला सर्वांत आधी ध्यान सुचलं.

तर सध्या आमच्याकडे असा तह आहे. लिंबावरच्या अळ्या मी पानासकट खुडतो आणि कुंपणालगतच्या कढीपत्त्यावर नेऊन ठेवतो. कढीपत्ता त्यांच्याच कुळाच्या आहारातला, बहुतेक जणी रुजू होतात. काही नव्या घरच्या पानाला तोंडही लावत नाहीत, त्यांना पुन्हा माहेरी पोचवावं लागतं. तगरीवरच्या दांडग्या बाईला एक फांदी दिलेली आहे. तंबाखूवरच्या अळीची पिल्लं मात्र साबणाच्या पाण्यात जातात, जाळी झालेल्या पानासकट, आणि त्याबद्दल मला रात्री झोप येते. नागअळीची पत्रं खुडून पिशवीत. गुलाबाच्या माशीला हवं तेवढं कापड.

आमचे माळीमामा महिन्यातून दोनदा पाठीवर पंप घेऊन येतात. त्यांची विद्या सरळ आहे, भोक दिसलं की फवारायचं. माझा तह त्यांना बायकोनंच समजावला, बहुधा हसू दाबत. परवा ते आले, पंप खाली ठेवला, लिंबापासून कुंपणापर्यंत एक चक्कर मारली आणि मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, ‘साहेब, यांतल्या घरच्या कुठल्या आणि बाहेरच्या कुठल्या, तेवढ्या खुणा करून ठेवा. उगाच नंतर बोलणी नकोत.’